पुरस्कार रॅलीला नको, चावी मागून घेणाऱ्याला द्या

पत्र

सप्रेम नमस्कार,

आमचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. दोन वर्षांपूर्वी काटोल रोडवरच्या एका फार्महाउसवरून रात्री मित्राच्या बाइकवर मागे बसून येताना अपघात झाला. आमचा गेला, मित्र वाचला. मित्र दारू प्यायलेला होता. आमच्या मुलानेही घेतली होती, हे आम्हाला नंतर कागदपत्रांवरून कळलं. नातेवाइकांत हे कुणाला माहीत नाही.

आता भरपाईची रक्कम हातात आली आहे. त्यातले पाच लाख त्याच्या नावाने ठेवायचे असं ठरलं. कशासाठी, यावर मात्र घरात एकमत नाही. यांचं म्हणणं, विद्यापीठात सुवर्णपदक ठेवू. मला वाटतं, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध काम करणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या गटांना पुरस्कार द्यावा, जमल्यास एक शिष्यवृत्तीही. दीर म्हणतात, पोराचं नाव दारूशी जोडू नका, लोक नको ते विचारतील. मुलगी म्हणते, आई, तू दरवर्षी स्टेजवर जाऊन रडणार आहेस का?

आणखी एक. ज्या मित्राच्या हातात गाडी होती त्याच्यावर केस सुरू आहे. त्याने मुलीला मेसेज केला, 'असं काही करत असाल तर मला काम करू द्या, पैसेही देतो.' त्याला काय उत्तर द्यावं?

एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर

ताई, नमस्कार.

पुरस्कार ठेवा, आणि तुमच्या मनात आहे तसाच, मुलांच्या गटांसाठी ठेवा. सुवर्णपदकामागची तुमच्या यजमानांची भावना मला कळते. दीक्षान्त समारंभात मंचावरून लेकाचं नाव घेतलं जावं, हुशार पोरगा म्हणून घेतलं जावं, असं कुठल्या बापाला वाटणार नाही? पण आपलं विद्यापीठ १९२३ सालचं. दात्यांच्या पदकांची यादी आधीच लांबलचक आहे. पहिल्या येणाऱ्या मुलीला आणखी एक पदक मिळालं काय, न मिळालं काय, तिचं काही अडत नाही. शिवाय तिच्या गुणपत्रिकेचा काटोल रोडवरच्या त्या रात्रीशी काय संबंध?

पण 'दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध काम करणारा गट' एवढीच अट लिहून पैसे ठेवलेत, तर काय होईल ते सांगते. जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम येतो. संविधान चौकातून एक रॅली निघते. टोप्या, फलक, बिनहेल्मेटवाल्याला गुलाबाचं फूल, पोलिस निरीक्षकांसोबत फोटो. रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी आपल्याच शहराचे खासदार असल्याने, नेत्यांची तारीख मिळेपर्यंत कार्यक्रम पुढे ढकलण्याची हौसही आपल्याकडे जरा जास्तच. मग पोस्टर स्पर्धा, पथनाट्य, अहवालाला फोटो चिकटवले की झालं. तुमच्या पुरस्कारासाठी असे चाळीस अहवाल येतील, सगळे रंगीत, सगळे स्पायरल बाइंडिंगचे. आणि ज्यांनी रॅलीत फलक धरला त्यातलेच दोघे-तिघे त्याच आठवड्यात फेअरवेलहून टल्ली होऊन परततील. मुलं वाईट असतात म्हणून नाही. रॅलीने त्यांना त्या रात्रीसाठी काहीच दिलेलं नसतं म्हणून.

निबंध स्पर्धा तर नकोच. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, आणि गाडी चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देशभर लोक खवळले ते त्या निबंधावरून. त्यानंतरही आपण बक्षीस ठेवायचं ते निबंधालाच?

तेव्हा पुरस्कार कशाला, हे आधी पक्कं करा. बाकी सगळं त्यामागून सरळ होत जाईल.

त्या रात्री काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तरी एकदा वेगळ्या बाजूने बघा. अपघात रस्त्यावर घडतो, पण त्याची तयारी पार्टीला निघताना झालेली असते. बारा पोट्टे, सहा बाइक. जायचं कसं हे ठरलेलं, यायचं कसं हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. मध्यरात्री मेट्रो नसते. शहराबाहेर फार्महाउसवर ऑटो मिळत नाही, अ‍ॅपवरची टॅक्सी दोनदा रद्द होते. हॉस्टेलचं गेट बंद झालेलं, आणि घरी फोन करावा तर बाबा काय म्हणतील ही धास्ती. मग कुणीतरी म्हणतो, 'काही नाही होत बे, हळू चालवतो.' त्या वेळी त्या पोराच्या मेंदूला आपण किती प्यायलो याचाच नीट अंदाज नसतो. दारू सगळ्यात आधी हा अंदाजच बिघडवते. म्हणून निर्णय त्याच्यावर सोडून चालत नाही, तो दुपारीच झालेला असावा लागतो.

ज्या गटाने अशा रात्रींसाठी आधीच व्यवस्था लावली, पुरस्कार त्याला. आज कोण पिणार नाही हे दुपारीच नावानिशी ठरलेलं, आणि चाव्या त्याच्याकडे. टॅक्सीची वर्गणी पार्टीच्या वर्गणीतच धरलेली, कारण चकन्यावर हजार रुपये खर्च करणाऱ्यांना परतीचे दोनशे जड होतात ते फक्त रात्री. मुक्काम करायचा तर गाद्यांची सोय आधीच केलेली. हॉस्टेलच्या रेक्टरांशी बोलून घेतलेलं, की उशिरा पण धड आलेल्या मुलाला त्या रात्री दंड नाही, जे काय बोलायचं ते सकाळी. एक नंबर, जो रात्री दोनला लावला तरी उचलला जातो. हे काम फोटोत येत नाही. त्यामुळे त्याला कुणी बक्षीस देत नाही, आणि म्हणूनच तुमच्या पाच लाखांची जागा तिथे आहे.

याला जोडून घरचा करार. अमेरिकेत १९८० साली कॅलिफोर्नियातल्या कँडेस लाइटनर या बाईंची १३ वर्षांची मुलगी दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली गेली. त्यांनी त्याच वर्षी आयांची एक संघटना उभी केली, ती पुढे देशभर पसरली आणि कायदे बदलून घेण्यापर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये शाळकरी मुलांचा स्वतंत्र गट निघाला. त्या मुलांनी एक साधा कागद काढला, आईबाप आणि मुलाने मिळून सही करायचा. मुलगा लिहून देतो, की मी किंवा गाडी चालवणारा प्यायलेला असेल तर मी तुम्हाला फोन करीन. आईबाप लिहून देतात, की वाजले कितीही असोत, आम्ही घ्यायला येऊ किंवा गाडीची सोय करू, आणि त्या वेळी एकही प्रश्न विचारणार नाही. तिकडच्या कित्येक गोष्टी इकडे रुजत नाहीत, पण हा कागद आपल्या घरांना फार लागतो. 'एवढ्या रात्री कुठं उलथला होतास?' हे वाक्य फोनवर नको, दुसऱ्या दिवशी पोहे खाताना चालेल. जो गट शंभर पालकांना बोलावून हे समजावेल त्याचं काम मी दहा रॅलींपेक्षा मोठं मानीन. मुलांपेक्षा बापांना पटवणं अवघड जातं, हे लक्षात ठेवून त्याला गुणही जास्त द्या.

पथनाट्याला किंवा गमतीला माझा विरोध आहे असं समजू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीत एखाद्या कॉलेजच्या पोरांनी दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढला, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत महाल-इतवारीतून नाचवला, तर मी स्वतः बघायला उभी राहीन. ते आपलं आहे, नागपूरचं आहे, आणि त्यात उपदेशाचा वास नाही. फक्त बडग्या जाळून गट घरी गेला आणि वर्षभर पुढे काहीच केलं नाही, तर पुरस्कार नाही.

आता अडचण. तुम्ही हा मसुदा घेऊन कुठल्याही प्राचार्यांकडे गेलात की ते चष्मा काढून म्हणतील, 'म्हणजे आमची मुलं पितात हे आम्ही मान्य करायचं?' त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ आहे आणि बाकीच्या दारूसाठी २५, म्हणजे पदवीच्या वर्गातल्या बहुतेकांना कायद्याने थेंबही चालत नाही. कॉलेजने 'पिऊन नीट या' असं लिहून कसं द्यायचं? यातून वाट निघते ती नावातून. पुरस्काराचं नाव 'सुरक्षित घरवापसी' असं काहीतरी ठेवा. त्यात दारू येऊ द्या, गांजा आणि गोळ्या येऊ द्या (मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये अमली पदार्थही आहेतच), रात्रभर जागून पहाटे समृद्धी महामार्गावर गाडी घालणंही येऊ द्या. झोप डोळ्यावर असलेला चालक प्यायलेल्या चालकाइतकाच घातक ठरू शकतो. असं नाव असलं की प्राचार्यांना सही करता येते आणि गटाला मोकळेपणाने काम करता येतं. तुमच्या दिरांच्या आक्षेपाचंही अर्धं उत्तर त्यातच मिळतं.

गटांकडून काही गोष्टींच्या पक्क्या माहितीची अपेक्षा जरूर ठेवा, कारण यातलं अज्ञान भयंकर आहे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. 'एक बिअर चालते' असं कायद्यात कुठेही नाही. ती एक बिअर कुणाला मर्यादेपार नेईल हे वजनावर, पोटात काय आहे यावर आणि किती वेळात प्यायली यावर ठरतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस ताजातवाना दिसेल, रक्तातली दारू त्याने कमी होत नाही. ती यकृत आपल्या वेगाने काढतं आणि त्याला तास लागतात. पहिल्यांदा पकडलं तर १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे पोरांना साधारण ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते कलम १८८. दारू पिऊन गाडी चालवायला जो चिथावतो किंवा मदत करतो त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. 'घे, माझी गाडी ने' म्हणून प्यायलेल्याला चावी देणाऱ्याने हे कलम वाचून ठेवावं. आणि कलम १३४-अ, जे २०१९ च्या दुरुस्तीने आलं. अपघातात मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी बालंट येत नाही, त्याला आपलं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांच्या भीतीने मित्राला रस्त्यावर टाकून पळालेल्या मुलांच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील.

एक इशारा. काही गट म्हणतील, बक्षिसाच्या पैशातून श्वास तपासायचं यंत्र घेतो. ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळणारी ती यंत्रं भरवशाची नसतात. शिवाय पार्टीत त्याचा खेळ होतो, कुणाचा आकडा जास्त. त्याहून वाईट म्हणजे यंत्राने कमी दाखवलं म्हणून एखादा गाडी काढतो. त्यासाठी पैसे देऊ नका.

निवड कशी करायची? 'किती जणांना घरी पोचवलं' हा आकडा मागू नका. मागितलात की आकडे तयार होतील, तेही गोल. अहवाल चार पानांचा, फोटो शून्य. मग शेवटच्या तीन गटांना भेटायला परीक्षकांनी स्वतः जावं, आणि मुलांशी बोलून झालं की हॉस्टेलच्या चौकीदाराशी बोलावं. मेसच्या मावशींशी, गेटबाहेरच्या ऑटोवाल्यांशी बोलावं. गट खरंच काही करतो की कागदावर आहे, हे चौकीदाराला प्राचार्यांपेक्षा चांगलं माहीत असतं. परीक्षक तिघेच असू द्या. एक आधीच्या वर्षी जिंकलेल्या गटातला विद्यार्थी, एक मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) किंवा एम्सच्या आपत्कालीन विभागात रात्रपाळी केलेला डॉक्टर किंवा परिचारिका, आणि एक तुमच्या घरचं किंवा घराने नेमलेलं माणूस. घरच्या माणसाला नकाराधिकार नको.

पैशाचं आता थोडक्यात. विद्यापीठात कायमचा निधी ठेवायचा तर व्यवस्थापन परिषदेची मंजुरी, ठरलेला नमुना आणि एकदा ठरल्यावर बदलायला कठीण अशा अटी. पदकासाठी ते ठीक आहे, पण तुमचा पुरस्कार नवा आहे आणि पहिल्या दोन वर्षांत त्याचे नियम बदलावे लागणारच. स्वतःचा ट्रस्ट काढायचा तर धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशोबाची तपासणी, विश्वस्त बदलला की त्याची पुन्हा नोंद. पाच लाखांसाठी हा डोलारा मला पटत नाही. हत्ती बांधायला अंगण हवं तसं ट्रस्ट चालवायला माणसं हवीत, आणि तुमच्याकडे आज ती नाहीत.

माझं मत असं, की पहिली तीन वर्षं काहीही नोंदवू नका. पाच लाख मुदतठेवीत तुमच्या दोघांच्या नावाने ठेवा. सात टक्के धरले तर वर्षाला ३५ हजार. त्यातले २० हजार गटाला, १० हजार एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती म्हणून, उरलेले पाच हजार मुद्दलात परत. तेवढं केलं नाही तर दहा वर्षांनी तेच २० हजार हास्यास्पद वाटतील. तीन वर्षांनी नियम बसले, एखादी संस्था विश्वासाची वाटली, की मग तिच्याकडे निधी सोपवा. तेव्हा एक वाक्य लिहून घ्या, की परिस्थिती बदलल्यास मूळ उद्देशाला धरून पुरस्काराचं स्वरूप बदलता येईल. हे वाक्य नसलं की पन्नास वर्षांनी कुणीतरी तुमच्या व्याजातून 'उत्कृष्ट रॅली'चा करंडक देत बसतो. कर वाचवण्यासाठी देणगी देताय असं नाही, तरी माहीत असू द्या. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्यात नाही, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला तर कुठेच नाही. बाकी सीएला विचारा.

मुलांच्या गटाला बँक खातं नसतं, इथे गाडी नेहमी अडते. चेक प्राचार्यांच्या नावे गेला की तो कॉलेजच्या सर्वसाधारण खात्यात जातो आणि मुलं तीन महिने क्लार्कच्या टेबलासमोर उभी. त्यामुळे राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच बोला. निम्मी रक्कम सुरुवातीला, निम्मी बिलं दाखवल्यावर, आणि चार महिन्यांत खर्च झाली नाही तर परत, असं लिहून घ्या. टॅक्सीची बिलं, चहा, फोनचा रिचार्ज, रात्री जागणाऱ्या मुलाचं जेवण, हे सगळं मान्य. बॅनर अमान्य.

शिष्यवृत्तीची अट गुणांची नको. पास असावा एवढंच. गटात वर्षभर रात्री जागलेला आणि फी भरताना घरी ओढाताण असलेला मुलगा किंवा मुलगी गटानेच सुचवावी. मुलगी म्हणायचं कारण, या कामात मुली बहुतेकदा पुढे असतात. आणि अर्जात 'मला या दुर्घटनेतून काय शिकायला मिळालं' असलं काही लिहायला लावू नका. तुमच्या लेकाच्या मरणावर दरवर्षी पंचवीस अनोळखी मुलांनी शब्द जुळवावेत आणि ते तुम्ही वाचावेत, हे कुणाच्याच भल्याचं नाही.

आता ते जे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्यानेही घेतली होती.

ताई, तो गाडी चालवत नव्हता. प्यायल्यावर त्याने हँडल हातात घेतलं नाही. पण प्यायलेल्या मित्राच्या मागे बसला. मागे बसणाऱ्यालाही 'नाही' म्हणता येतं, नव्हे, म्हणावंच लागतं, हे आपण पोरांना कधी शिकवतच नाही. सगळा उपदेश चालवणाऱ्याला. मागे बसणाऱ्याला आपण सामान समजतो. तुमचा पुरस्कार मला वेगळा वाटतो तो इथे. तो मागे बसणाऱ्याच्या बाजूने बोलू शकतो, कारण ज्याच्या नावाने आहे तो मागेच बसला होता. माहितीपत्रकात एक वाक्य पुरेल: 'तो त्या रात्री मित्रांसोबत प्यायला होता आणि प्यायलेल्या मित्राच्या गाडीवर मागे बसला.' त्यात बदनामी नाही. ते वाचून हॉस्टेलमधल्या पोराला वाटेल, हा आपल्यासारखाच होता. निष्पाप, निर्व्यसनी, आदर्श असा मुलगा रंगवलात तर पोरं मान डोलावतील आणि म्हणतील, हे आपल्याबद्दल नाही.

पण हे वाक्य यजमानांच्या संमतीशिवाय छापू नका. या वर्षी ते नको म्हणाले तर या वर्षी नको. पुरस्कार त्या वाक्याविनाही सुरू होतो. दिरांची संमती मात्र लागत नाही. लोक विचारतील म्हणतात, तर लोक आताही विचारतच असणार, तुमच्या पाठीमागे.

त्या मित्राबद्दल. पैसे घेऊ नका, एक रुपयाही नाही. केस सुरू असताना त्याच्याकडून काहीही घेतलं तर त्याचा अर्थ तडजोड असा लावला जाऊ शकतो, आणि निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. मुलीला सांगा, त्याच्या मेसेजला लगेच उत्तर देऊ नको, आधी वकिलांना दाखव. मेसेज पुसूही नका. पुरस्काराच्या कामात, समितीत, कार्यक्रमात तो नको. त्याला मंचावर उभं करून 'बघा, पश्चात्ताप झालेला मुलगा' असा देखावा कुणीतरी सुचवेलच, तोही नको. ते तुमच्यावर अन्याय करणारं होईल आणि त्याच्यावरही.

त्याला माफ करा असं मी सांगणार नाही, करू नका असंही नाही. तो तुमचा प्रश्न आहे आणि त्याला पुरस्काराची मुदत नाही. खटला संपल्यावर, तुम्हाला वाटलं तर, कधीतरी घरी भेटा. न वाटलं तर नका भेटू. काम करायचीच त्याची इच्छा असेल तर तुमच्या लेकाच्या नावाशिवायही ते करता येतं. शहरात रक्तदानाच्या याद्या आहेत, मेडिकलच्या ट्रॉमा सेंटरबाहेर रात्रभर बसलेले नातेवाईक आहेत, त्यांना चहा-पाणी देणारी माणसं आहेत. वकिलांनी हरकत नाही म्हटलं तर मुलीने एवढंच कळवावं.

राहता राहिली मुलगी. तिचं वाक्य कडू आहे, पण ती बरोबर बोलली. कार्यक्रम त्याच्या स्मृतिदिनी ठेवू नका. २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा वर्धापनदिन असतो, त्या सुमाराला ठेवा. मारबत-गणपती बहुतेक वर्षी आटोपलेले असतात, आणि गॅदरिंग, ३१ डिसेंबर, फेअरवेल, धुळवड हा सगळा हंगाम पुढे असतो. जिंकलेल्या गटाला पैसे हातात घेऊन त्याच हंगामात कामाला लागता येतं. कार्यक्रम कॉलेजच्या वर्गात, अर्ध्या तासात. हार घातलेला मोठा फोटो नको, दीपप्रज्वलन नको, पाहुण्यांची भाषणं नकोत. गेल्या वर्षीच्या गटाने दहा मिनिटं सांगावं की काय जमलं, काय फसलं. तुम्ही जायलाच हवं असं नाही. पहिल्या वर्षी जा, बघा कसं वाटतं, आणि दुसऱ्या वर्षी घरी बसावंसं वाटलं तर बसा. मुलीला समितीत ओढू नका. दोन-तीन वर्षांनी ती स्वतः विचारेल, किंवा नाही विचारणार.

यजमानांसाठी एक जागा राखून ठेवा. पदकाची कल्पना त्यांची होती, ती मोडली असं त्यांना वाटू नये. नियमांचा मसुदा त्यांना लिहू द्या, मुदतठेव कुठल्या बँकेत ठेवायची तेही त्यांनीच ठरवू दे. मसुदा तयार झाला की आधी हिंगणा रोडवरच्या किंवा शहरातल्या एकाच कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना दाखवा, सगळ्या विद्यापीठात एकदम जाहीर करू नका. पहिल्या वर्षी तीन गट आले तरी पुष्कळ. एकही लायक वाटला नाही तर त्या वर्षी कुणालाच देऊ नका आणि २० हजार पुढच्या वर्षीत घाला. तशी तरतूद मसुद्यात पहिल्याच पानावर असू द्या.